पुरवठा साखळीतला न आलेला भिडू



दिवाळीच्या सुटीत आपल्याच शाळेतला बारावीचा एक छात्र दिल्लीत माझ्याकडे आला होता. संगणकाच्या विषयात त्याने ब्लॉकचेनवर प्रकल्प केला होता. त्याचा प्रश्न सरळ होता : "सर, ही नोंदवही कोणाला खोडता येत नाही, सगळ्यांना दिसते, मग जगातला सगळा माल तिच्यावरूनच का जात नाही?" मी कंटेनरने माल परदेशी पाठवण्याच्या कागदपत्रांचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे. त्याला तेव्हा जे सांगितले, ते इथे जरा नीट मांडतो.

मी राहतो सरोजिनी नगरात. इथला कपड्यांचा बाजार दिल्लीबाहेरही ठाऊक आहे. निर्यातीचे कपडे शिवताना कारखाने मागणीपेक्षा थोडे जास्त शिवतात, कारण तपासणीत काही नग बाद होणार हे धरलेलेच असते. उरलेला, बाद झालेला किंवा रद्द झालेल्या ऑर्डरचा माल व्यापाऱ्यांच्या हातून या बाजारात येतो. मानेजवळचे लेबल बहुधा कात्रीने कापलेले असते. त्यातच इथल्या इथे शिवलेला आणि निर्यातीचा म्हणून खपवलेला मालही मिसळतो. दोनशे रुपयांचा शर्ट हातात घेतला, तर तो तिरुपूरचा, ओखल्याचा की मागच्या गल्लीतला हे सांगायला कोणी नाही. विकणारा सांगेल ते खरे. कापड पाच-सहा हातांतून फिरून आलेले असते आणि प्रत्येक हाताला फक्त आपल्या मागचा आणि पुढचा माहीत असतो. अख्खा प्रवास कोणालाच दिसत नाही. पुरवठा साखळीचे मूळ दुखणे ते हेच.

शर्टाच्या बाबतीत हे चालून जाते. गणवेशाच्या बाबतीत चालत नाही. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी लष्कराचा नवा लढाऊ गणवेश लोकांसमोर आला. त्याची नक्षी दिल्लीच्या निफ्ट या संस्थेच्या मदतीने तयार झाली होती. थोड्याच दिवसांत तशीच दिसणारी कापडे बाजारात विकली जाऊ लागली. लष्कराने नक्षीची रीतसर नोंदणी केली आणि त्याच वर्षी दिल्ली छावणीतल्या गोपीनाथ बाजारात लष्करी पोलीस व दिल्ली पोलीस यांनी दुकानदारांना समज देण्याची मोहीम काढली. परका माणूस आपला गणवेश घालून दारात उभा राहिला तर काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा "हे कापड कुठून आले" हा प्रश्न नुसत्या व्यापाराचा नाही.

आता याच बाजारातली दुसरी गोष्ट पाहा. लेबल नसलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी प्रत्येक फेरीवाल्याकडे क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकलेला असतो. यूपीआय सुरू झाले एप्रिल २०१६ मध्ये. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातले व्यवहार १,००० कोटींच्या पुढे गेले. फेरीवाला पुठ्ठा लावतो, कारण गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये सोय आहे. गिऱ्हाईक सोय ठेवते, कारण फेरीवाल्याकडे पुठ्ठा आहे. जितके लोक येतील तितका आधीच्यांचा फायदा वाढतो. यालाच नेटवर्क इफेक्ट म्हणतात, मराठीत जाळ्याचा परिणाम म्हणू.

टेलिफोनचे जुने उदाहरण गणिताला सोपे आहे. २ फोन असतील तर जोडी १. ५ असतील तर जोड्या १०. १० असतील तर ४५ आणि १०० असतील तर ४,९५०. फोन दहापट झाले की जोड्या शंभरपटीहूनही अधिक होतात. इथरनेटचे जनक रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. यातून उत्साही माणसे असा निष्कर्ष काढतात की, ब्लॉकचेनवरही थोडे लोक आले की बाकीचे आपोआप येतील. माझे मत वेगळे आहे, आणि त्याचे कारण साखळीच्या गणितात आहे. पण आधी नोंदवहीचे दोन शब्द.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी तलाठ्याकडची फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, ऐकली असेल. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले की नवा क्रमांक देऊन नवी नोंद होते. जुनी नोंद फाडत नाहीत, ती मागे राहतेच. शस्त्रागाराच्या रजिस्टरलाही पानांचे क्रमांक असतात, ते त्याच कारणासाठी. ब्लॉकचेन ही अशीच फक्त पुढे वाढणारी वही आहे. फरक दोन. एक, प्रत्येक पानाच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढतात. एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो, आणि पुढच्या पानावर मागच्या पानाचा ठसा लिहिलेला असतो. त्यामुळे मधले पान कोणी गुपचूप बदलले तर पुढची सगळी पाने बोंब मारतात. दुसरा फरक असा की, ही वही एका तलाठ्याच्या कपाटात नसते, सर्व भागीदारांकडे तिची तीच प्रत असते. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला, तिथून ही कल्पना पसरली. व्यापारात वापरतात ती वही मात्र सर्वांना खुली नसते, ओळखपाळख झालेल्या सभासदांपुरतीच असते.

आता गणित. टेलिफोनच्या जाळ्यात एक माणूस आला नाही, तर त्याच्याशी बोलता येत नाही इतकेच. बाकीच्यांचे काही अडत नाही. पुरवठा साखळीत एक माणूस आला नाही, तर अख्खी साखळी तुटते. समजा एका शर्टाच्या प्रवासात सूतगिरणी, कापड विणणारा, रंगारी, शिलाई करणारा, निर्यातदार आणि जहाज कंपनी अशा ६ कड्या आहेत. प्रत्येक प्रकारच्या धंद्यातले १०० पैकी ८० लोक ब्लॉकचेनवर आले आहेत. कोणालाही वाटेल, काम ८० टक्के झाले. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग नोंद किती शर्टांची मिळेल? ०.८ हा आकडा सहा वेळा लिहून त्यांचा गुणाकार करा. उत्तर येते ०.२६. म्हणजे १०० पैकी जेमतेम २६ शर्ट. ९० टक्के लोक आले तरी ५३. आणि निम्मेच आले तर १०० पैकी २ सुद्धा नाहीत. (कोण आले आणि कोण नाही याचा एकमेकांशी संबंध नाही असे मी धरले आहे. प्रत्यक्षात मोठे कारखाने मोठ्यांशीच व्यवहार करतात, त्यामुळे आकडा थोडा बरा येतो. तरी चित्र तेच राहते.)

यूपीआय आणि मालाची साखळी यांच्यातला फरक हा असा आहे. पहिल्या फेरीवाल्याने पुठ्ठा लावला त्याच दिवशी त्याला थोडा तरी फायदा झाला. ब्लॉकचेनवर पहिल्याने नाव नोंदवले, तर त्याला फक्त खर्च पडतो. फायदा शेवटची कडी आल्यावरच दिसणार, आणि शेवटची कडी बहुधा सर्वांत गरीब असते. ओखल्यातल्या एका छोट्या शिलाई युनिटच्या मालकाची गोष्ट सांगतो. वीसेक शिलाई मशीन, हंगामात ठेक्यावरचे कारागीर. त्याच्या तीन खरेदीदारांनी तीन वेगवेगळ्या प्रणालींवर नोंदी करायला सांगितले. तीन पासवर्ड, तीन नमुने, दोन ठिकाणी फी, आणि एकीतली नोंद दुसरीत चालत नाही. तो मला म्हणाला, "साहेब, मी शर्ट शिवू की शर्टाची गोष्ट लिहू?" शेवटी त्याने एक मुलगा संध्याकाळी दोन तास बसवला. तो मुलगा दिवसभराच्या नोंदी आठवून भरतो. आठवून भरलेल्या नोंदीला गणिताचा कितीही पक्का ठसा मारा, ती आठवलेलीच राहते.

या सगळ्याचा सर्वांत मोठा प्रयोग माझ्याच धंद्यात झाला. कंटेनरचे जग कागदावर चालते. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीने २०१४ साली पूर्व आफ्रिकेतून युरोपला गेलेल्या थंड कंटेनरचा मागोवा घेतला, तर सुमारे ३० माणसे आणि संस्था गुंतलेल्या निघाल्या, आणि त्यांच्यात २०० हून अधिक देवाणघेवाणी झाल्या होत्या. (आमच्याकडेही कधी कधी जहाज आधी पोहोचते आणि मूळ बिल ऑफ लेडिंगचा कागद कुरिअरमध्ये असतो. मग माल बंदरात पडून राहतो आणि भाडे चढत जाते.) यावर उपाय म्हणून मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स नावाचा ब्लॉकचेन मंच आणला. तंत्रज्ञानात खोट नव्हती. पण मर्स्क तेव्हा जगातली सर्वांत मोठी कंटेनर कंपनी होती. तिच्या स्पर्धकांनी आपली गिऱ्हाइके, आपले मार्ग, आपल्या मालाचे प्रमाण तिच्याच घरच्या वहीत का लिहावे? वही खोडता येत नाही हे खरे, पण वही कोणाच्या मालकीची, हा प्रश्न राहिलाच. २०१९ मध्ये एमएससी, सीएमए सीजीएम, हापाग-लॉइड, वन अशा मोठ्या कंपन्या येतो म्हणाल्या, तेव्हा आता हे जमणार असे आम्हालाही वाटले होते. तरीही धंदा म्हणून तो मंच स्वतःच्या पायावर उभा राहू शकला नाही. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी तो बंद करण्याची घोषणा झाली आणि २०२३ च्या सुरुवातीला तो थांबला. सर्व उद्योगाचे जे सहकार्य लागत होते ते मिळाले नाही, असे कारण कंपनीनेच दिले.

याउलट एप्रिल २०१९ मध्ये काही जहाज कंपन्यांनीच ॲमस्टरडॅममध्ये डीसीएसए ही संस्था काढली. तिने मंच न बांधता कागदांचे समान नमुने ठरवायला घेतले. प्रत्येकाची वही आपापली, पण रकाने सर्वांचे सारखे. २०२३ मध्ये तिच्या सभासदांनी २०३० पर्यंत बिल ऑफ लेडिंग पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक करण्याचे वचन दिले. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, दिसायला कमी झगमगीत असला तरी.

मग साखळी कोणाची पूर्ण होते? ज्याच्या हातात दार बंद करण्याची ताकद आहे त्याची. अमेरिकेत वॉलमार्टच्या लोकांनी कापलेल्या आंब्याच्या एका पाकिटाचा उगम शोधून पाहिला. जुन्या पद्धतीने ६ दिवस १८ तास २६ मिनिटे लागली, ब्लॉकचेनवर २.२ सेकंद. २०१८ मध्ये तिथे रोमेन लेट्यूस या पालेभाजीतून ई. कोलाय जंतूंची साथ आली. २१० जण आजारी पडले, ५ दगावले. त्याच वर्षी वॉलमार्टने पालेभाज्या पुरवणाऱ्यांना कळवले की, पुढच्या वर्षी सर्वांनी या वहीवर यायचेच. न येणाऱ्याचा माल घेतला जाणार नसेल, तर येणे भाग असते. इथे जाळे आपोआप वाढले नाही, ते गिऱ्हाइकाने ओढून घेतले. खर्च मात्र बराचसा पुरवणाऱ्याच्या अंगावर पडला.

आपल्या महाराष्ट्रात हे त्याच्या कितीतरी आधी घडले आहे, आणि तेही ब्लॉकचेनशिवाय. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले. नाशिक, सांगलीच्या बागायतदारांच्या निर्यातीवरच गदा आली. अपेडा ही केंद्र सरकारची संस्था, तिचे मुख्यालय इथे दिल्लीतच ऑगस्ट क्रांती मार्गावर आहे. तिने २००६ मध्ये ग्रेपनेट सुरू केले. युरोपला माल पाठवायचा तर बागेचा प्रत्येक प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवायचा. काढणीआधी त्या प्लॉटचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाणार. अंश मर्यादेत असतील तरच पुढचे दाखले. पॅकहाऊसमध्ये पेट्यांवर खुणा, त्यावरून उलट शोधत प्लॉटपर्यंत जाता येते. प्रयोगशाळांवर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची देखरेख. शेतकरी, प्रयोगशाळा, पॅकहाऊस, निर्यातदार, दाखला देणारे खाते अशा सर्व कड्या एका वहीत आल्या, कारण त्याशिवाय कंटेनर हलतच नव्हता. एकही कडी गाळायला जागा ठेवली नव्हती. वहीचा मालक सरकारी, म्हणजे कोणाचाही स्पर्धक नाही. पुढे डाळिंब, आंबा यांच्यासाठीही याच धर्तीवर प्रणाली झाल्या.

आणि तरीही २०१० चा हंगाम आला. वेलीची नुसती फुटव्यांची वाढ रोखून घड धरावेत म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरत. नाशिककडे त्याला लिहोसीन म्हणून ओळखतात. युरोपातल्या तपासणीत त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कंटेनर तिकडे अडकले आणि बागायतदारांचे पैसे इकडे. ज्यांनी कर्ज काढून हंगाम उभा केला होता त्यांच्यावर काय वेळ आली असेल, याची कल्पना करा. दोष ग्रेपनेटमधल्या खोट्या नोंदींचा नव्हता. पण आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी करायची त्यांच्या यादीत हे रसायनच नव्हते. जे तपासले नाही ते वहीत येणार कसे? तेव्हा ब्लॉकचेन असती तरी निकाल हाच लागला असता. ती वही लिहिलेले जपते. काय लिहायचे हे माणसाने ठरवायचे असते. नंतर ते रसायन यादीत आले.

गणवेशाबद्दलही मला असेच वाटते. तिथे खरेदीदार एकच आहे, लष्कर. त्याचा शब्द सर्व पुरवठादारांवर चालतो. मग सर्वांकडे एकेक प्रत असलेली महागडी वही कशाला? प्रत्येक थानावर आणि प्रत्येक नगावर क्रमांक टाकून एकच नीट सांभाळलेले रजिस्टर पुरेल. ब्लॉकचेनचा खरा उपयोग तिथे, जिथे अनेकांना एकत्र काम तर करायचे आहे, पण त्यांच्यातल्या कोणा एकाच्या हाती वही द्यायला बाकीचे तयार नाहीत.

असे एक उदाहरण भारतात आहे आणि ते तुमच्या-आमच्या फोनमध्ये रोज वाजते. बँक, दुकान किंवा सरकारी खाते एसएमएस पाठवते तेव्हा तो थेट येत नाही. पाठवणारी संस्था, मधले एक किंवा अनेक टेलिमार्केटर, मग मोबाइल कंपनी, अशी संदेशाचीही पुरवठा साखळीच असते. बनावट संदेश मधल्याच कुठल्या तरी हातातून घुसतात. मोबाइल कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक, त्यामुळे एकीची वही दुसरी मानणार नाही. ट्रायने २०१८ च्या नियमांत ब्लॉकचेनच्या जातीची सामाईक वही बंधनकारक केली. पाठवणाऱ्याने आपले नाव आणि संदेशाचा नमुना आधी नोंदवायचा, जुळला नाही तर संदेश अडवायचा. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी प्रत्यक्ष लागली आणि गोंधळ उडाला. अनेक संस्थांनी नमुने नोंदवलेच नव्हते. ओटीपी अडकले, लोकांचे बँकेचे व्यवहार खोळंबले. दुसऱ्याच दिवशी ट्रायला चाळणी सात दिवस थांबवावी लागली. वरचे गणित आठवा. काही कड्या तयार नसताना दार बंद केले की शिक्षा भलत्यालाच होते. पुढे संस्थांना सवलत, मुदती, पुन्हा मुदती असे करत करत काम पुढे सरकले. संदेश मूळ पाठवणाऱ्यापासून ग्राहकापर्यंत प्रत्येक मधल्या हातासह शोधता आला पाहिजे, हा नियम ११ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, तोही तारीख दोनदा पुढे ढकलून. ट्रायचे कार्यालय आता आमच्या शेजारच्या नौरोजी नगरात आहे. सहा वर्षे लागली, आणि इथे तर मोबाइल कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कपड्याच्या धंद्यात शिलाई युनिटेच किती असतील, विचार करा.

आता तुमच्यासाठी एक काम. मेसमध्ये रोज लागणारी एक वस्तू निवडा. तूरडाळ घ्या, ती बरी पडेल. मेसच्या स्टोअरपासून मागे मागे जात शेतापर्यंतचे सगळे हात एका कागदावर लिहा. स्टोअरकीपर काका, पुरवठादार, ठोक व्यापारी, डाळमिल, अडत्या, शेतकरी. शक्य असेल तिथे प्रत्यक्ष विचारा. प्रत्येकाकडे कोणता कागद आहे ते टिपा आणि जिथे कागद संपून तोंडी हिशेब सुरू होतो तिथे लाल खूण करा. मग प्रत्येक नावासमोर दोन गोष्टी लिहा : हा माणूस सामाईक वहीत आला तर त्याला काय मिळेल, आणि त्याची कोणती गोष्ट उघडी पडेल. माझा अंदाज आहे की, लाल खूण आणि "काहीही मिळणार नाही" हे शेरे तुम्हाला एकाच ठिकाणी सापडतील. अंदाज चुकला तर मला जास्त आनंद होईल. कागद मराठी विभागाच्या संपादकांकडे द्या, ते मला दिल्लीला पाठवतील.